अ‍ॅनाप्लास्टिक थायरॉईड कॅन्सर : पहिले तीन आठवडे कसे हाताळावेत

थायरॉईडचा कॅन्सर म्हटले की नात्यातले कोणीतरी धीर द्यायला पुढे येतेच : ‘घाबरू नका, आमच्या वहिनींनाही झाला होता, ऑपरेशन झाले, आयोडीनचा डोस घेतला, आज ठणठणीत आहेत.’ त्यांचे म्हणणे खोटे नसते. थायरॉईडच्या कॅन्सरपैकी बहुसंख्य पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर प्रकारचे असतात, ते सावकाश वाढतात आणि उपचारांना उत्तम दाद देतात. अ‍ॅनाप्लास्टिक हा प्रकार मात्र त्याच ग्रंथीत निपजूनही सर्वस्वी वेगळा वागतो. थायरॉईडच्या एकूण कॅन्सरमध्ये तो १ ते २ टक्क्यांच्या घरात आढळतो, तरी या ग्रंथीच्या कॅन्सरमुळे होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा फार मोठा आहे, कारण त्याची गाठ महिन्यामहिन्याने नव्हे तर आठवड्याआठवड्याने वाढते. म्हणूनच आधी एक रिपोर्ट, तो आला की पुढची तपासणी, मग आणखी एका डॉक्टरांचे मत, ही एरवी शहाणपणाची असलेली रीत येथे रुग्णाच्या हातातला वेळ खाऊन टाकते. पुढील मजकूर मुख्यतः घरच्या माणसांसाठी आहे : कोणती कामे एकाच वेळी सुरू करावीत, रुग्णालयाकडून काय मागून घ्यावे, आणि कोणता निर्णय अपरात्री घ्यायची वेळ येऊ नये म्हणून आधीच घेऊन ठेवावा.

संशय केव्हा घ्यावा

हा आजार बहुधा साठीच्या पुढे होतो आणि पुष्कळदा ज्यांच्या गळ्यात वर्षानुवर्षे गलगंड किंवा थायरॉईडची जुनी गाठ आहे अशांना होतो. नेमके हेच फसवे ठरते. ‘ती गाठ वीस वर्षांपासून आहे, कधी त्रास नाही’ हे वाक्य घरात इतके मुरलेले असते की गाठ वाढू लागली तरी कोणी वर मान करून पाहत नाही. जुनी गाठ दोन-चार आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतकी मोठी होणे, ती दगडासारखी कडक लागणे, गिळताना वर-खाली न होता जागीच रुतून बसणे, आवाज घोगरा होऊन पंधरवड्यातही न सुधारणे, आडवे झाल्यावर धाप लागणे किंवा श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात कान-नाक-घसा किंवा कॅन्सरच्या शल्यचिकित्सकांना गाठावे. शिटीसारखा आवाज येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्यावे. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि गोव्यातही मिळते.

डॉक्टरांना सांगताना ‘गिळायला त्रास होतो’ एवढ्यावर थांबू नये. पाणी, चहा पिताना ठसका लागतो की भाकरीचा घास छातीच्या वर अडकतो, हे नीट पाहून सांगावे. पातळ पदार्थांचा ठसका लागत असेल तर स्वरयंत्राची नस दबल्याची शक्यता असते. घट्ट पदार्थ अडकत असतील तर अन्ननलिकेवर गाठीचा दाब पडत असावा. दोन्हींचा आहार वेगळा आणि पुढची काळजीही वेगळी. गळ्याचा समोरून आणि बाजूने फोटो दर दोन-तीन दिवसांनी, त्याच जागी, त्याच उजेडात काढून ठेवावा. गाठ किती वेगाने वाढते आहे हे दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तीन फोटो अधिक चांगले सांगतात आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांचे लक्षही लगेच वेधून घेतात.

दोन गोष्टींनी मात्र निर्धास्त होऊ नये. पहिली म्हणजे टीएसएचचा रिपोर्ट नॉर्मल येणे. रक्ताची ही तपासणी ग्रंथी हार्मोन किती बनवते एवढेच सांगते. कॅन्सर असूनही ती पुष्कळदा नॉर्मलच असते. दुसरी म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स. वेगाने वाढणारी, दुखरी, वर लालसर झालेली गाठ पाहून ती पुवाची असावी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि या आजारात ताप येणे व पांढऱ्या पेशी वाढणेही शक्य असते. तरीही ‘पाच दिवसांनी पाहू’ हे एकदाच चालते, दुसरा कोर्स सुरू करण्याआधी गाठीचा तुकडा तपासायला गेलेला असावा.

सुईच्या रिपोर्टवर थांबू नये

पहिली तपासणी बहुधा एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढण्याची असते. ती जरूर करावी, पण अ‍ॅनाप्लास्टिकच्या गाठीचा बराच भाग आतून मेलेला असतो आणि सुईत कधी कधी केवळ मृत पेशी व सूज एवढेच येते. ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा रिपोर्ट आला म्हणजे काही नाही असे मुळीच नव्हे. अशा वेळी जाड सुईने तुकडा काढण्याची कोअर बायोप्सी लगेच करून घ्यावी. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, नाहीतर बायोप्सीच्या टेबलावरून परत यावे लागते आणि आठवडा हातचा जातो.

तुकडा हवा असण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते या टप्प्यावरचे तेच सर्वांत मोठे आहे. असेच रूप घेऊन येणारा थायरॉईडचा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, हा आजार केमोथेरपीला फार चांगला प्रतिसाद देतो, आणि या दोहोंतला फरक नुसत्या डोळ्यांनी किंवा सोनोग्राफीने कळत नाही. तो कळतो इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे तुकड्यावर विशिष्ट रंजक घालून केलेल्या तपासणीने. रुग्णालयांत तिला ‘आयएचसी’ म्हणतात. मेड्युलरी हा थायरॉईड कॅन्सरचा आणखी एक प्रकारही तिथेच वेगळा काढला जातो. श्वासाचा धोका नसेल तर तुकडा काढण्याआधी स्टेरॉइड सुरू करणे टाळावे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण लिम्फोमा स्टेरॉइडने तात्पुरता विरघळतो आणि मग तुकड्यात निदान हाती लागत नाही.

तुकडा ज्या लॅबमध्ये गेला तिथे त्याचा मेणातला ठोकळा, म्हणजे ब्लॉक, आणि काचेच्या स्लाइड जपून ठेवलेल्या असतात. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलात तर पहिला प्रश्न येतो, ‘ब्लॉक आणला का?’ तो नसला की गाडी पुन्हा गावाकडे. म्हणून रिपोर्ट घ्यायला जाल तेव्हाच अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड ताब्यात घ्याव्यात, त्यांवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो ना हे खिडकीपाशीच पाहावे, आणि ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. मेण वितळते.

एकाच वेळी चालवायची कामे

आयएचसीचा निकाल येईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. त्याच दिवसांत गळ्याचा आणि छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन किंवा पेट-सीटी, मेंदूचा एमआरआय आणि दुर्बिणीतून स्वरयंत्राची तपासणी यांच्या तारखा घ्याव्यात. क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडे नीट काम करतात का हे सांगणारी रक्ताची तपासणी आधीच करून रिपोर्ट सोबत ठेवावा, कारण त्यावाचून कॉन्ट्रास्ट देत नाहीत आणि स्कॅनची तारीख पुढे जाते. एरवीच्या थायरॉईड कॅन्सरमध्ये पुढे किरणोत्सारी आयोडीन द्यायचे असते म्हणून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट टाळण्याकडे कल असतो. अ‍ॅनाप्लास्टिकच्या पेशी आयोडीन ओढूनच घेत नसल्याने तो उपचार येथे लागू नाही आणि त्यापायी स्कॅन अडवून ठेवण्याचेही कारण नाही.

याच काळात आणखी एक मागणी स्पष्ट शब्दांत करावी : ‘बीराफ व्ही६००ई तपासणी पाठवली आहे का?’ बीराफ या जनुकातला हा ठरावीक बदल बऱ्याच रुग्णांत, काही पाहण्यांत ४० टक्क्यांच्या आसपास, सापडतो आणि तो असेल तर गोळ्यांच्या रूपात उपचार उपलब्ध आहे. ही तपासणी रंजक घालून केली तर उत्तर काही दिवसांत मिळते. अनेक जनुके एकदम वाचणारी एनजीएस तपासणी अधिक माहिती देते, त्यातच एनटीआरके, आरईटी यांसारखे विरळ पण औषध असलेले बदलही कळतात, मात्र तिला दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणून झटपट तपासणी आणि एनजीएस या दोन्ही एकाच दिवशी पाठवाव्यात, एकीचा निकाल आल्यावर दुसरी नव्हे.

कोठे जावे, हा प्रश्न येथे खरा आहे, कारण अनेक अनुभवी डॉक्टरांनीही या आजाराचे मोजकेच रुग्ण पाहिलेले असतात. शल्यचिकित्सक, रेडिएशनचे तज्ज्ञ, औषधोपचार करणारे ऑन्कोलॉजिस्ट आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना, धाप असे त्रास कमी करणारी शाखा, एकाच छताखाली असलेले केंद्र निवडावे. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र, नागपुरात जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय ही नावे महाराष्ट्रात परिचित आहेत. गोव्यातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपासून सुरुवात करता येते. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील ३०० हून अधिक केंद्रे आहेत, तेव्हा परळची तारीख लांबची मिळाली तर जवळच्या केंद्रातल्या डॉक्टरांना तिथल्या तज्ज्ञांशी बोलायला सांगणे गैर नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना तीत ‘अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सरचा संशय, गाठ तीन आठवड्यांत दुप्पट, श्वासाला त्रास’ असे, जे खरे असेल ते, पहिल्याच ओळीत लिहून घ्यावे. नोंदणीच्या खिडकीवर सगळी फाइल कोणी वाचत नाही, पहिली ओळ वाचतात.

रिपोर्टवर ‘स्टेज ४’ पाहून अनेक कुटुंबे तिथेच खचतात. अ‍ॅनाप्लास्टिकचा प्रत्येक रुग्ण नियमानेच चौथ्या टप्प्यात मोजला जातो. पाहायचे ते त्यापुढचे अक्षर. ‘ए’ म्हणजे आजार ग्रंथीपुरता आहे, ‘बी’ म्हणजे तो गळ्यात आसपास किंवा तिथल्या लसिका गाठींत गेला आहे आणि ‘सी’ म्हणजे फुफ्फुस, हाडे, मेंदू अशा दूरच्या ठिकाणी पोहोचला आहे. उपचारांचा सगळा आराखडा या अक्षरावर आणि बीराफच्या निकालावर ठरतो.

श्वासाचा निर्णय आधी

गाठ श्वासनलिकेला खेटून असते. ती दाबली गेली तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याचा, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमीचा प्रश्न उभा राहतो. नळी सरसकट आधीच बसवून ठेवत नाहीत, कारण तिने आवाज जातो, कफ वाढतो, घरची काळजी वाढते आणि रेडिएशन लांबू शकते. पण श्वास कोंडल्यावर पहाटे तीन वाजता ती बसवणेही अवघड, कारण नळीच्या जागेवर गाठच पसरलेली असते. म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्याच भेटीत, रुग्ण शांतपणे बोलू शकतो तोवर, तीन प्रश्न विचारावेत : श्वासनलिका आज किती मोकळी आहे, ती आणखी अरुंद झाली तर तुम्ही काय सुचवाल, आणि नळी बसवल्याने आमच्या माणसाला नेमके काय मिळेल. पुढे परिणामकारक उपचार होणार असतील तर नळी त्या उपचारांपर्यंतचा वेळ मिळवून देते. उपचार उरलेच नसतील तर काही रुग्ण विचारपूर्वक ती नाकारतात आणि औषधांनी धाप कमी करण्याचा मार्ग घेतात. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. निर्णय रुग्णाचा असावा आणि तो केस पेपरवर लिहिलेला असावा.

नळी बसलीच तर वॉर्डातून घरी येण्याआधी आतली नळी काढून धुण्याचे आणि सक्शनचे, म्हणजे यंत्राने कफ ओढून काढण्याचे काम घरातल्या किमान दोघांनी सिस्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवावे. नुसते पाहिलेले घरी आठवत नाही. सक्शन मशीन भाड्याने मिळते; जिथे वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारे किंवा पायाने चालवायचे मागावे. त्याच मापाची एक जादा नळी घरात असावी, नळीच्या तोंडावर ओलसर गॉज असावे म्हणजे कफ सुकून अडकत नाही, आणि अंघोळीचे पाणी गळ्याखालीच ठेवावे. उशाशी पाटी किंवा वही आणि एक घंटी द्यावी. आवाज गेलेल्या माणसाला रात्री हाक मारता येत नाही.

उपचारांत काय अपेक्षित आहे

गाठ काढता येण्यासारखी असेल तर शस्त्रक्रिया करतात आणि त्यानंतर शक्य तितक्या लवकर रेडिएशन, बहुधा सोबत केमो. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार असे साधारण सहा-सात आठवडे चालते. तोंड सोलवटते, गिळणे दुखरे होते आणि वजन झपाट्याने उतरते, म्हणून दातांची तपासणी आणि पोटात किंवा नाकातून अन्नाची नळी घालण्याचा विचार सुरू होण्याआधीच करावा. संपूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी कायमची लागते. बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरले असेल, त्याच दिवशी कळवावे. सहा आठवडे सोसण्याची ताकद नसलेल्या रुग्णांना पाच-दहा दिवसांचे, त्रास कमी करण्यापुरते रेडिएशन देतात, आणि ते घेणे म्हणजे हार मानणे नव्हे.

बीराफ व्ही६००ई बदल असलेल्यांसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही गोळ्यांची जोडी आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०१८ मध्ये तिला या आजारासाठी मान्यता दिली. ज्या अभ्यासावर ती उभी आहे त्याच्या नंतरच्या पाहणीत ३६ रुग्ण होते; त्यांतील निम्म्याहून अधिक जणांची गाठ लक्षणीय आकसली आणि साधारण निम्मे वर्षभरानंतर हयात होते. ज्या आजारात पूर्वी निम्मे रुग्ण पाच-सहा महिनेही पाहत नसत आणि पाचांतला एखादाच वर्ष ओलांडत असे, तिथे हा बदल मोठा आहे. काहींमध्ये तर गोळ्यांनी गाठ इतकी आकसते की आधी अशक्य म्हटलेली शस्त्रक्रिया शक्य होते. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने २००० ते २०१९ या काळातील ४७९ रुग्णांची माहिती मांडली, तीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण २०१३ पर्यंतच्या काळातल्या ३५ टक्क्यांवरून २०१७ नंतर ५९ टक्क्यांवर गेलेले दिसते. अर्थात अशा केंद्रापर्यंत पोहोचू शकणारे रुग्ण मुळात थोडे बऱ्या अवस्थेतले असतात, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचावेत.

डॅब्राफेनिब रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घेतात. ट्रॅमेटिनिब फ्रिजमध्ये ठेवावे लागते, तेव्हा प्रवासात बर्फाचा डबा न्यावा. या जोडीचा सर्वांत ठळक त्रास म्हणजे ताप, कधी थंडी वाजून चढणारा. तो आला तर मलेरियाची गोळी शोधत न बसता औषध थांबवायचे का हे आपल्या ऑन्कोलॉजिस्टला त्याच वेळी विचारावे. म्हणून त्यांच्या टीमचा फोन क्रमांक गोळ्या सुरू होतानाच घेऊन ठेवावा. हृदयाचा इको अधूनमधून लागतो आणि नजर धूसर झाली तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे लागते. बीराफमधला हा बदल नसेल तर केमो, रेडिएशन आणि निवडक रुग्णांत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधे, हे मार्ग राहतात. नव्या औषधाची रुग्णांवर चालू असलेली चाचणी कोठे आहे का, हेही विचारावे.

या सगळ्यांसोबत काढे, झाडपाल्याच्या पुड्या, गळ्यावर लेप असे सल्ले घरोघरी येतातच. माझे मत स्पष्ट आहे : या आजारात त्यांना दिलेला महिना परत मिळत नाही, आणि काही वनस्पती या गोळ्यांच्या रक्तातल्या प्रमाणात ढवळाढवळ करतात. घेतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि गाठ चोळू तर मुळीच नका.

पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो यांना त्यांचा आधार होतो, पण महागड्या गोळ्या व जनुकीय तपासणी त्यात बसते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, दाखल होण्याआधी विचारावे. बसत नसेल तर वैद्यकीय समाजसेवकांकडे जावे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा, औषध कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना यांचे अर्ज त्यांच्याच टेबलावर असतात. शिधापत्रिका, आधार आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये असाव्यात. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे, ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालय देते.

पॅलिएटिव्ह केअर शेवटी नव्हे

या शाखेच्या डॉक्टरांची भेट निदानाच्याच आठवड्यात घ्यावी. मॉर्फिनने वेदनेसोबत धापही शमते, आणि दुखण्यासाठी नीट मोजून दिले तर व्यसनाची भीती बाळगण्याचे कारण नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र आणि मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून चालणारे शांती अवेदना सदन येथे अशी देखभाल मिळते. शांती अवेदनाची शाखा गोव्यातही आहे. गाठ मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल तर रक्तस्राव होऊ शकतो का, हे डॉक्टरांना खासगीत विचारून घ्यावे. ती शक्यता असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायला सांगतात, कारण पांढऱ्या कापडावरचे रक्त रुग्णाला आणि घरच्यांना अधिक घाबरवते.

व्हेंटिलेटर, अतिदक्षता विभाग, नळी याबाबतची आपली इच्छा रुग्णाला लेखी नोंदवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती मान्य केली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. कागद झाल्यावर एक प्रत केस पेपरला लावावी, एक घरी दर्शनी जागी ठेवावी.

मुले, भावंडे विचारतात, आम्हालाही होईल का? अ‍ॅनाप्लास्टिक प्रकार सहसा आनुवंशिक नसतो, त्यामुळे सगळ्या घराने रक्त तपासत फिरण्याची गरज नाही. आनुवंशिक असू शकतो तो मेड्युलरी प्रकार. म्हणून अंतिम रिपोर्टवर नेमके कोणते नाव आहे ते पुन्हा एकदा वाचून घ्यावे. घरात आणखी कोणाच्या गळ्यात जुनी गाठ असेल तर तिची सोनोग्राफी करून आकाराची नोंद तेवढी ठेवावी, म्हणजे पुढे ती वाढली तर कळेल.